टाकाऊ डांबर आणि अठरा वर्षांचा कारखानदार

विद्यापीठांच्या आवारांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवा उपदेश वारंवार कानीं पडूं लागला आहे. नोकरीच्या अर्जांमागें धांवूं नका, स्वतःचा उद्योग काढा, आणि काढावयाचाच तर असा काढा कीं ज्यायोगें हवा, पाणी व जमीन यांवरील भार हलका होईल, असें विद्यार्थ्यांस सांगण्यांत येतें. २०१६ सालीं भारत सरकारनें नव्या उद्योगांना उत्तेजन देण्याची योजना जाहीर केल्यापासून पुष्कळ विद्यालयांनीं होतकरू तरुणांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडले. तेथें स्पर्धा होतात, बक्षिसें वांटलीं जातात, आणि कचऱ्यापासून खत, पेंढ्यापासून इंधन, प्लास्टिकपासून विटा अशा कल्पनांचे तक्ते भिंतींवर लागतात. उपदेश चांगला आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. परंतु तो अशा थाटांत केला जातो कीं, जणूं टाकाऊ वस्तूंतून उद्योग उभारण्याची युक्ति काल-परवांच कोणास सुचली! वस्तुतः ही गोष्ट सुमारें पावणेदोनशें वर्षांची जुनी आहे, आणि तिचा एक आद्य नायक विद्यार्थीच होता. त्याचें चरित्र एका आकस्मिक शोधाची मौज म्हणून शाळेच्या पुस्तकांत येतें. उद्योगाचा इतिहास म्हणून तें क्वचितच सांगितलें जातें, आणि त्या उद्योगाच्या जमाखर्चाची दुसरी बाजू तर बहुधा कोणी उघडून पाहत नाहीं. ती पाहिल्यावांचून वरील उपदेश अर्धाच राहतो असें आम्हांस वाटतें; म्हणून हा लेखनप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहर कोळशाच्या वायूनें उजळूं लागलें. १८१२ सालीं तेथील पहिल्या गॅस कंपनीस सनद मिळाली, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत इंग्लंडांतील मोठमोठ्या गांवीं बंद भट्टींत दगडी कोळसा तापवून वायु काढणारे कारखाने उभे राहिले. वायु नळांतून दिव्यांकडे जाई, मागें राहिलेला कोक भट्ट्यांत जळे. पण या दोहोंबरोबर एक काळा, चिकट, उग्र दर्पाचा पदार्थ निघे, त्याचें काय करावें हें कारखानदारांस सुचेना. हेंच डांबर. त्याचा अगदींच उपयोग नव्हता असें नाहीं. १८२३ सालीं मॅकिंटॉश यानें त्यांतून निघणाऱ्या नॅफ्थ्यांत रबर विरघळवून पावसाळी कापड काढलें, आणि १८३८ नंतर रेल्वेच्या रुळांखालील लांकडें कुजूं नयेत म्हणून त्यांत डांबराचें तेल मुरविण्याची रीत पडली. परंतु उत्पन्नाच्या मानानें हा खप थोडा होता. पुष्कळसें डांबर जाळलें जाई किंवा ओढ्यानाल्यांत सोडून दिलें जाई. ज्या उजेडावर सारें शहर खूष होतें त्याच उजेडाचा हा मळ होता.

या मळाकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहणारें एक विद्यालय लंडनमध्यें १८४५ सालीं निघालें. त्याचें नांव रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री, आणि त्याचा मुख्य ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. डांबरांत कोणकोणतीं द्रव्यें दडलीं आहेत हें शोधण्याचा हॉफमनला ध्यास होता, आणि तो ध्यास त्यानें आपल्या शिष्यांसही लावला. त्यांपैकीं चार्ल्स मॅन्सफील्ड यानें डांबरांतून बेन्झिन वेगळें काढण्याची रीत बसविली, आणि तेंच काम करीत असतां १८५५ सालीं आगीनें भाजून तो मरण पावला. पुढें ज्या द्रव्यावर मोठमोठे कारखाने उभे राहिले तें प्रथम हातीं आणून देणारा मनुष्य स्वतः त्याचा एक पैही नफा न घेतां गेला, ही गोष्ट येथें नमूद करून ठेवतों.

याच विद्यालयांत १८५३ सालीं विल्यम हेन्री पर्किन हा पंधरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. लंडनच्या पूर्वभागांत इमारतींचें व सुतारकामाचें कंत्राट घेणाऱ्या एका गृहस्थाचा हा मुलगा. त्यानें स्थापत्य शिकावें अशी बापाची इच्छा होती. मुलाचें मन रसायनांत गुंतलें, आणि बापानें आपला हट्ट सोडला. मुलगा चलाख निघाला. थोड्याच काळांत हॉफमननें त्याला आपला साहाय्यक करून घेतलें. त्या वेळीं हिंवतापावर कोयनेल हेंच एक खात्रीचें औषध होतें, आणि तें दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना झाडाच्या सालीपासून निघत असल्यामुळें फार महाग पडे. तें डांबरांतील द्रव्यांपासून कृत्रिम रीतीनें करतां आल्यास केवढें कार्य होईल, हा विचार हॉफमननें बोलून दाखविला होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुटींत गुरु गांवीं नसतां अठरा वर्षांच्या पर्किननें घराच्या वरच्या मजल्यावरील आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत या कामास हात घातला. कोयनेल झालें नाहीं. तांबूस गाळ हातीं आला. तोच प्रयोग त्यानें अधिक साध्या अशा अॅनिलीन या द्रव्यावर करून पाहिला, तों काळा गाळ निघाला. तो मद्यार्कानें धुतांना मद्यार्काला सुंदर जांभळा रंग चढला. डांबरापासूनचें अॅनिलीन त्या काळीं शुद्ध मिळत नसे, आणि त्यांतील भेसळीमुळेंच हा रंग उत्पन्न झाला, हें पुढें कळलें.

येथपर्यंतची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आकस्मिक लाभाची म्हणून ती सांगितली जाते, पण तेवढ्यानें तिचें मर्म हातीं लागत नाहीं. काळा गाळ त्या काळीं पुष्कळ रसायनज्ञांच्या भांड्यांत सांचत असे आणि तो मोरींत ओतला जात असे. पर्किननें तो ओतला नाहीं, त्यांत रेशमाचा तुकडा बुडविला. तो धुतला, उन्हांत टाकला, आणि रंग टिकतो असें पाहून नमुने स्कॉटलंडांत पर्थ येथील पुलर नांवाच्या नामांकित रंगाऱ्यांकडे पाठविले. जूनमध्यें उत्तर आलें. त्याचा आशय असा होता कीं, मालाची किंमत फार वाढणार नसेल तर हा शोध फार मोलाचा आहे. त्या ‘तर’ मध्यें साऱ्या उद्योगाचें बीज आहे. प्रयोगशाळेंतील विद्यार्थ्यास ‘हें होतें का’ एवढाच प्रश्न माहीत असतो. ‘हें काय भावानें होतें’ हा प्रश्न त्याला बाजारच विचारतो. पर्किननें तो प्रश्न पदवी, नोकरी किंवा कीर्ति यांची वाट न पाहतां शोधाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच विचारून घेतला. ऑगस्टमध्यें त्यानें पेटंट घेतलें. एकवीस वर्षांखालील मनुष्यास तें मिळतें कीं नाहीं, याची आधीं कायदेपंडितांकडून खात्री करून घ्यावी लागली.

मग आली गुरूची भेट. विद्यालय सोडून कारखाना काढण्याचा बेत पर्किननें सांगितला, तेव्हां हॉफमन नाराज झाला आणि त्यानें शिष्यास पुष्कळ नाउमेद केलें. आम्ही स्वतः अध्यापनाच्या व्यवसायांत असल्यामुळें या प्रसंगीं गुरूची बाजूही मांडणें आमचें कर्तव्य आहे. हातांत आलेला उत्तम शिष्य. त्याचें शिक्षण अपुरें. कापडाच्या रंगाची आवड म्हणजे लहरीची गोष्ट, आज आहे आणि उद्यां नाहीं. आणि बापाची आयुष्याची पुंजी तिच्यावर लागणार! कोणत्याही जबाबदार शिक्षकानें हेंच सांगितलें असतें. पर्किनलाही ही भीति होतीच. कारखाना काढला तरी संशोधन सोडावयाचें नाहीं असा निश्चय त्यानें तेव्हांच केला. परंतु इतिहासानें गुरूच्या सल्ल्याची थोडी थट्टा केली आहे. ज्या रंगाच्या धंद्यास त्यानें नाक मुरडलें, त्याच धंद्यांत सात वर्षांनीं, म्हणजे १८६३ सालीं, हॉफमननें स्वतः जांभळ्या रंगांचें पेटंट घेतलें.

शोध आणि उद्योग यांमधील अंतर किती आहे तें येथून पुढें दिसतें. बाप जॉर्ज पर्किन यानें आपली बहुतेक सर्व शिल्लक या कामीं घातली, वडील बंधु थॉमस भागीदार झाला, आणि १८५७ च्या जूनमध्यें लंडनच्या वायव्येस ग्रीनफर्ड ग्रीन येथें कालव्याच्या कांठीं कारखान्याचें काम सुरू झालें. या मंडळींपैकीं कोणीही तोंपर्यंत रासायनिक कारखाना आंतून पाहिलेला नव्हता. बेन्झिन मिळेना, तें ग्लासगोहून मागवावें लागलें. तें येई तेंही मिश्र, म्हणून पुन्हां ऊर्ध्वपातन करावें लागे. तीव्र नायट्रिक आम्ल बाजारांत हवें तसें नव्हतें, तेव्हां चिलीचा सोरा व गंधकाम्ल वापरून काम भागविलें. त्यासाठीं लागणारीं बिडाचीं भांडीं नव्यानें योजावीं लागलीं, आणि स्फोटाची धास्ती रोजचीच होती. माल तयार झाला तेव्हां नवी अडचण उभी राहिली. रंग रेशमावर सहज बसे, पण सुती कापडावर बसेना, आणि खरा खप तर सुती कापडाचा. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यांत व बाभळीच्या सालींत असणारें तुरट द्रव्य. त्याच्या साहाय्यानें रंग पक्का बसविण्याची रीत काढून पर्किन स्वतः रंगाऱ्यांच्या कारखान्यांत जाई व ती शिकवी. सहा महिन्यांत, डिसेंबरपर्यंत, लंडनच्या रेशीम-रंगाऱ्यांकडे त्याचा माल जाऊं लागला. फ्रान्सची सम्राज्ञी युजीनी आणि राणी व्हिक्टोरिया यांच्या अंगावर जांभळीं वस्त्रें दिसूं लागलीं, आणि दोन वर्षांत त्या रंगाची लाट सर्व युरोपभर पसरली.

ती लाट ओसरली तरी पर्किन बुडाला नाहीं, कारण त्यानें संशोधन सोडलें नव्हतें. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या दोघां जर्मन शास्त्रज्ञांनीं मंजिष्ठाच्या वर्गांतील मुळांतून निघणारा तांबडा रंग डांबरांतील अँथ्रासीनपासून बनविला. १८६९ च्या जूनमध्यें त्यांनीं व पर्किननें स्वस्त रीतीचीं पेटंटें एका दिवसाच्या अंतरानें मागितलीं. त्या सालीं ग्रीनफर्डला हा रंग एक टन झाला. पुढच्या सालीं चाळीस टन. १८७१ सालीं दोनशें वीस टन. १८७४ सालीं कारखाना विकून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं पर्किन पुन्हां शुद्ध शास्त्राकडे वळला, आणि १९०७ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याचें संशोधन चालूच होतें. ज्या विद्यार्थ्यास कचऱ्यांत उद्योग शोधावयाचा आहे त्याला यापेक्षां उत्तेजक चरित्र कोठें मिळणार?

परंतु वही येथेंच मिटतां येत नाहीं. जमेची बाजू आपण वाचली. आतां नांवें टाकलेल्या रकमा पाहूं. त्या काळच्या कारखानदारास कालवा हा रस्ता, विहीर व गटार या तिन्ही नात्यांनीं उपयोगी पडे. ग्रीनफर्डच्या कालव्याचें पाणी त्या त्या आठवड्यांत कारखान्यांत जो रंग होई त्याप्रमाणें पालटे, अशी तिकडे आख्यायिका आहे. एका कारखान्याचा मळ उचलून दुसऱ्यानें सोनें केलें, पण त्या दुसऱ्याचा मळ कोठें गेला, हें विचारणारा कोणी नव्हता. पर्किनच्या पाठोपाठ जे कारखानदार निघाले त्यांनीं तर कहर केला. १८५९ सालीं निघालेला मॅजेंटा नांवाचा किरमिजी रंग पुढें सोमलापासून केलेल्या आम्लाच्या साहाय्यानें बनूं लागला, आणि उरलेला सोमल जमिनींत व नदींत सोडला जाऊं लागला. १८६४ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं अशा एका कारखान्याशेजारील विहिरीचें पाणी पिऊन माणसांस विषबाधा झाली, प्रकरण न्यायालयांत गेलें आणि कारखानदार दोषी ठरला. खुद्द कामगारांचा हिशेब समजण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. मॅजेंटाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांस मूत्राशयाचा कर्करोग होतो असें फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शस्त्रवैद्यानें १८९५ सालीं दाखवून दिलें.

यावर कोणी म्हणेल, त्या काळीं कोणास काय ठाऊक? हा बचाव पुरता टिकत नाहीं. ज्या काळीं ग्रीनफर्डचा कारखाना भरभराटींत होता त्याच काळीं, १८६३ सालीं, इंग्लंडच्या पार्लमेंटानें क्षार-कारखान्यांसंबंधीं एक कायदा केला. खाण्याच्या मिठापासून धुण्याचा सोडा करणाऱ्या कारखान्यांच्या धुराड्यांतून आम्लाचा वायु सुटे व आसपासचीं झाडें व पिकें जळून जात. त्यांपैकीं शेंकडा पंचाण्णव वायु कारखानदारानें अडविलाच पाहिजे असें या कायद्यानें ठरलें. कारखानदारांनीं आरंभीं कुरकूर केली. पण अडविलेल्या आम्लाचें करावयाचें काय, या विवंचनेंतूनच त्यापासून क्लोरीन काढून कापड शुभ्र करण्याची भुकटी बनविण्याच्या वेल्डन व डीकन यांच्या रीति पुढें आल्या, आणि जो वायु हवेंत फुकट जात होता तोच कारखान्यास नफा देऊं लागला. हवापाण्याच्या रक्षणाचा कायदा हा उद्योगाचा शत्रु, ही समजूत आजही आपल्याकडे दृढ आहे. तिला उत्तर म्हणून हें एक उदाहरण पुरें आहे. कायद्यानें बंद केलेली वाट ज्याला प्रथम दिसते त्यालाच पुष्कळदां नवी वाट सांपडते. आणि ती दिसण्यास लागणारें शास्त्रज्ञान विद्यापीठांत असतें.

खर्चाच्या बाजूची आणखी एक रक्कम आपल्या देशाच्या खात्यावर पडली. कृत्रिम तांबड्या रंगानें फ्रान्सच्या दक्षिणेकडील मंजिष्ठाची शेती आठ-दहा वर्षांत उठविली होतीच. पुढें पाळी आली निळीची. जर्मनींतील एका मोठ्या कारखान्यानें १८९७ सालीं डांबरांतील नॅफ्थलीनपासून केलेली नीळ बाजारांत आणली, आणि बिहारच्या निळीचा भाव कोसळला. चंपारण जिल्ह्यांत मळेवाल्या साहेबांनीं रयतेवर ‘तीनकठिया’ लादली होती. म्हणजे दर वीस कठ्ठ्यांपैकीं तीन कठ्ठे जमिनींत नीळ लावलीच पाहिजे अशी सक्ति होती. निळींत नफा उरला नाहीं, तेव्हां मळेवाल्यांनीं रयतेस त्या सक्तींतून मोकळें करण्याची किंमत मागितली. कोणाचा सारा वाढविला, कोणाकडून एकरकमी पैसा घेतला. तोटा साहेबांचा, भरणार कुळें! १९१७ सालीं महात्मा गांधी चंपारण्यांत गेले ते हेंच गाऱ्हाणें ऐकावयास, आणि १९१८ च्या कायद्यानें तीनकठिया बंद झाली. जुलूम मळेवाल्यांचा होता, त्याचें पाप पर्किनच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. तथापि लंडनच्या एका माडीवर धुतलेल्या काळ्या गाळाचा संबंध साठ वर्षांनीं गंडकेच्या कांठच्या कुळाशीं पोंचतो, एवढें तरी उद्योगाच्या इतिहासानें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आतां आपल्याकडील एक उदाहरण घेऊं, आणि तें गुरूच्या बाजूचें. प्रफुल्लचंद्र राय हे एडिंबरोहून रसायनशास्त्राचे पंडित होऊन आले आणि १८८९ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत दरमहा अडीचशें रुपयांवर अध्यापक झाले. वकिली व कारकुनी यांपलीकडे पदवीधराला जग नाहीं ही त्यांस खंत होती. आणि त्यांनीं ती व्याख्यानांत बोलून न दाखवितां १८९२ सालीं सुमारें सातशें रुपये भांडवलावर राहत्या घरींच औषधींचा कारखाना काढला. पहिल्या मालांपैकीं एक सोड्याचें फॉस्फेट. त्याला लागणारें फॉस्फरस मिळविण्यासाठीं त्यांनीं खाटकांकडून टाकाऊ हाडें आणून गच्चीवर वाळत घातलीं. तेवढ्यांत पाऊस आला. हाडांस चिकटलेलें मांस सडलें, किडे पडले, कावळ्यांचे थवे जमले, आणि शेजाऱ्यांनीं आरडाओरड केली. शेवटीं हाडें दुसरीकडे हलवून, जाळून, त्यांची राख करून मग काम चाललें. हा प्रसंग रायांनीं आपल्या आत्मचरित्रांत मोठ्या विनोदानें सांगितला आहे. आम्हांस तो विनोदाहून अधिक मोलाचा वाटतो. ग्रीनफर्डच्या मळाबद्दल हांक मारणारा शेजारी नव्हता. कलकत्त्याच्या गच्चीशेजारीं तो होता, आणि त्याच्या ओरडण्यानें उद्योग मेला नाहीं, सुधारला. १९०१ सालीं ‘बेंगॉल केमिकल’ ही मर्यादित कंपनी झाली. १९०३ सालीं रसायनशास्त्राचे तरुण पदवीधर राजशेखर बसु तींत दाखल होऊन पुढें व्यवस्थापक झाले; बंगाली साहित्यांत ‘परशुराम’ या नांवानें विनोदी कथा लिहिणारे ते हेच. हॉफमननें शिष्यास कारखान्यापासून परावृत्त केलें. रायांनीं स्वतः कारखाना काढून शिष्यांस त्यांत बोलाविलें.

इतिहासाचे योगायोग विलक्षण असतात. ज्या चंपारण्यांत डांबराच्या निळीनें अनर्थ झाला, त्याच पश्चिम चंपारण्यांत तमकुहा गांवीं २००७ सालीं भाताच्या तुसापासून वीज करण्याचें पहिलें यंत्र चालूं झालें. भात सडला कीं तुसाचे ढीग गिरणीमागें पडतात. त्यास कोंडत्या हवेंत तापविलें म्हणजे ज्वलनशील वायु निघतो, आणि त्यावर इंजिन चालवून कांहींशें घरांस दिवे देतां येतात. ज्ञानेश पांडे, रत्नेश यादव, मनोज सिन्हा व चार्ल्स रॅन्सलर या चौघांनीं हा उद्योग उभारला. पैकीं शेवटचे दोघे तेव्हां अमेरिकेंत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या व्यापार-विद्यालयांत विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसांचाही आरंभीच्या काळांत आधार झाला. येथें वाचकांनीं एक गोष्ट पाहावी. कोंडत्या हवेंत तापविलेल्या तुसांतूनही डांबरच निघतें! तें वायूंतून धुवून काढावें लागतें, नाहींतर इंजिन तुंबतें. आणि तें धुतलेलें पाणी कोठें सोडावयाचें हा ग्रीनफर्डचाच प्रश्न पुन्हां उभा राहतो. उरलेल्या काळ्या राखेचा प्रश्न मात्र या मंडळींनीं चांगला सोडविला. ती उदबत्त्या करण्यास दिली, आणि गांवच्या बायकांस काम मिळालें. पुढें सूर्यप्रकाशाची वीज स्वस्त झाली तेव्हां त्यांनीं तिची जोड घेतली.

महाराष्ट्रांतही या दिशेनें काम झालें आहे. ऊंस तोडल्यावर शेतांत राहिलेलें पाचट शेतकरी पेटवून देतो, हें दृश्य पश्चिम महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाचें आहे. डॉ. आनंद कर्वे यांनीं १९९६ सालीं स्थापन केलेल्या पुण्याच्या संस्थेनें या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची रीत बसविली, आणि तिला २००२ सालीं इंग्लंडांतील अॅशडेन पारितोषिक मिळालें. या रीतींत पाचट तापतांना निघणारा धूर बाहेर न सोडतां तोच भट्टी तापविण्यासाठीं जाळला जातो. खर्चाची रकम पहिल्याच दिवशीं वहींत लिहिली म्हणजे काय होतें, याचें हें लहानसें पण स्वच्छ उदाहरण आहे.

या सर्व इतिहासावरून विद्यापीठांस व विद्यार्थ्यांस काय घेतां येईल? पहिली गोष्ट ही कीं, डांबरांतून रंग काढण्यापूर्वीं डांबराचा अभ्यास दहा वर्षें चालला होता. विद्यार्थ्यास नशिबानें साथ दिली, पण त्या नशिबाला ओळखणारा डोळा विद्यालयानें तयार केला होता. तक्त्यावर चिकटविलेली कल्पना व चार मिनिटांचें भाषण यांनीं हें होत नाहीं. ज्याला कचऱ्याचा उद्योग काढावयाचा आहे त्यानें आधीं त्या कचऱ्याचें पृथक्करण स्वतःच्या हातानें केलें पाहिजे. दुसरी गोष्ट भांडवलाची. पर्किनचा बाप कंत्राटदार होता. त्याच्याजवळ घालावयास शिल्लक होती. आमच्या वर्गांत बसणाऱ्या पुष्कळ मुलांच्या बापांजवळ ती नाहीं. विद्यापीठांनीं काढलेले कक्ष जर खरोखर उपयोगी पडावयाचे असतील तर त्यांनीं बक्षिसें वांटण्याऐवजीं त्या बापाची जागा घेतली पाहिजे. म्हणजे पहिलीं दोन-तीन वर्षें तोटा सोसला पाहिजे, आणि अपयश आलेल्या मुलास परत वर्गांत मानानें बसतां आलें पाहिजे.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. कचरा म्हणून जें आपण म्हणतों तें बहुधा कोणाच्या तरी पोटाशीं आधींच बांधलेलें असतें. मंजिष्ठाच्या व निळीच्या शेतकऱ्यांचें काय झालें तें आपण पाहिलें. आपल्या शहरांत कागद, काच, पत्रा वेंचून पोट भरणाऱ्या हजारों बाया आहेत. पुण्यांत १९९३ सालीं त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली, तींत महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील अध्यापिकांचा पुढाकार होता. आणि त्याच पंचायतींतून पुढें ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ओला व सुका कचरा घरोघरीं जाऊन गोळा करण्याचें काम त्या बायांचेंच राहिलें, हा विद्यापीठानें केलेल्या उद्योगाचा एक निराळा आणि आमच्या मतें फार थोर प्रकार आहे. उद्यां एखादा हुशार विद्यार्थी प्लास्टिक वितळविण्याचें नवें यंत्र घेऊन त्याच कचऱ्यावर हक्क सांगूं लागला, तर त्यानें त्या बायांस आधीं भागीदार केलें पाहिजे.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. विद्यापीठांत अशा उद्योगाचा अर्ज घेऊन विद्यार्थी आला, तर त्याला नफ्याचा अंदाज विचारावा, तो विचारणें योग्यच आहे. पण त्याच कागदावर आणखी दोन रकाने असावेत. तुझ्या कारखान्यांतून स्वतःचा मळ कोणता निघेल आणि तो कोठें जाईल? आणि जी वस्तु तूं उचलणार आहेस तिच्यावर आज कोणाचें पोट चालतें? या दोन रकान्यांत पर्किनला कांहीं लिहितां आलें नसतें. त्या काळीं ते कोणी पुढें ठेवलेच नव्हते. आजच्या विद्यार्थ्यापुढें ते ठेवण्याचें काम शिक्षकांचें आहे. रकाने भरून अर्ज परत आला, तर मात्र शिक्षकानें हॉफमनसारखें कपाळास आंठी न घालतां प्रयोगशाळेची किल्ली त्याच्या हातीं द्यावी.